धाव

भरमू मेस्त्री सांगतो, आणि सांगताना
अंगठ्याचं काळं नख पँटला पुसतो:
पाच भाऊ होते ते. लोहार. आमच्यासारखेच.
लांब तिकडं, इंडियानात, मक्याच्या मुलखात
गाड्या करायचे. मोटारी नव्हं. लाकडी.

चाकावर धाव कशी चढवतात, तुला ठाऊक नसणार.
लोखंडी कडी शेणींच्या आगीत लाल करायची,
चौघांनी चिमट्यांनी उचलून लाकडावर बसवायची,
आणि लाकूड पेटायच्या आत पाणी.
फुस्स.
लोखंड आवळतं. पुठ्ठे, आरे, तुंबा,
मघाशी सुटं होतं ते सगळं आता चाक.
माझ्या बापानं कडोलीत अशी किती आवळली, मोजली नाहीत.
त्या पाचांनी पुढं घोडा सोडला, इंजिन जोडलं.
बापानं मला गॅरेजला जोडलं.

निपाणीच्या जिनगोंडा शेठनी ती आणली तेव्हा
तंबाखूला दर होता.
एकावन्नचं मॉडेल, नाक विमानासारखं टोकदार.
स्टुडबेकर हे नाव गल्लीच्या जिभेवर मावेना,
म्हणून स्टुडाबाई.
तंबाखूचा वास गादीत असा मुरला
की काच खाली केली तरी शिंक यायची.

पाटीवर मुंबई राज्याची अक्षरं.
छप्पन साली तीच गाडी, तेच शेड,
बॉनेटवर झोपलेलं तेच मांजर,
आणि पाटीवर म्हैसूर. मीच रंगवली, बारा वर्षांचा होतो.
गाडी एक इंच हलली नव्हती.
पुढं कर्नाटक झालं तेव्हा शेठ म्हणाले,
राहू दे की रे, रंग संपलाय.

त्रेसष्टच्या डिसेंबरात, नाताळ चार-पाच दिवसांवर असताना,
तिकडच्या कारखान्याचं गेट लागलं.
आम्हाला कोण सांगणार?
चौसष्टच्या उन्हाळ्यात पाण्याचा पंप गेला,
शेठनी चिकोडे मास्तरांकडून इंग्रजीत पत्र घातलं.
पाच महिन्यांनी उत्तर आलं ते कॅनडातून.
कंपनी सीमा ओलांडून गेली होती.
तिथं दोनेक वर्षं धग धरली, मग तिथंही विझली.
पाकिटात पंप नव्हता. चित्रांचं पुस्तक होतं,
एकेका नटाला नंबर.
मेस्त्रीनं ते पाठ केलं, इंग्रजीचं एक अक्षर न येता.

का बुडाली? मी विचारतो.
मी वाचलेलं सांगतो त्याला: मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले,
नफा आला तेव्हा मालकांनी वाटून खाल्ला,
यंत्रं जुनी राहिली,
मग दुसऱ्या एका बुडत्या कंपनीचा हात धरला.
तो ऐकून घेतो. चहा बशीत ओततो.
धाव ढिली झाली की चाक बोलतंय, म्हणतो.
कुरकुरतंय. वर्षभर आधी सांगतंय.
गाडीत बसलेल्याला वाटतं, रस्ता खराब.

आज उद्यमबागेत, माझ्या मशीनवर,
परदेशी ऑर्डरीचे दहा हजार बुश थांबवून
एकच नग लावलाय.
पंपाचा पंखा. सहाव्यांदा गंजला.
मेस्त्रीचे डोळे गेलेत, बोटं आहेत.
कडेवरून नख फिरवून म्हणतो, अजून केसभर.
घेतो केसभर.
आता बरोबर, म्हणतो.
ज्यांनी हे माप ठरवलं ते साठ वर्षांपूर्वी घरी गेले,
माप हितं राहिलंय, याच्या नखात.

बिल करताना कॉम्प्युटर अडतो.
गिऱ्हाईक: शेठचा नातू. राज्य?
पोरगं कोल्हापुरात राहतं, गाडी निपाणीत.
सत्तावीस टाकू की एकोणतीस?
मेस्त्री बाहेर बाकड्यावर बसलाय,
पंखा रुमालात गुंडाळून मांडीवर,
नुकतं अंडं उचलल्यासारखा.
एसटी चुकली बघ, म्हणतो आतल्या दिशेनं,
तुझ्या त्या मशीनला म्हणावं, गाडी काय म्हणत्याय ते विचार.